उसवायला भिऊ नका

विणकाम म्हटले की बाळाचे टोपडे नाहीतर स्वेटर डोळ्यांपुढे येतो. हे सवड असलेल्या बायकांचे काम, असे मीही समजत होते. पण आज मी सांगणार आहे ते साध्या चौकोनी फडक्याविषयी. चुलीवरचे पातेले उतरवायला, ओटा पुसायला लागते ना, तेच. ते विणायला मी शिकले ती हात भाजून घेतल्यावर.

लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. कापसाची वेचणी ऐन भरात होती. सकाळच्या घाईत सांडशी सापडेना, म्हणून जुन्या टेरिलिनच्या पातळाचा तुकडा घेऊन मी दुधाचे पातेले उतरवायला गेले. तुकड्याचे टोक जाळाला लागले, वितळले आणि बोटांना चिकटले. दूध तर गेलेच, वर दोन बोटांची कातडी सोलून निघाली. आठ दिवस वेचणीला जाता आले नाही. सासूबाई म्हणाल्या, "शेतात सगळा कापूस पांढरा झालाय, अन् घरात फडके मात्र वितळणारे!"

त्या वेळी त्यांच्याने शेतात जाणे होत नव्हते. पण लहानपणी शेजारणीकडून त्या विणकाम शिकल्या होत्या. त्यांनी सायकलच्या दोन तारा दगडावर घासून गुळगुळीत केल्या. माझी बोटे बरी झाल्यावर मला जवळ बसवले.

तारा बारीक होत्या, म्हणून वीण फार घट्ट आली. तुम्ही बाजारातून आठ नंबरच्या सुया घ्या. सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. दोरा जाड, सुतीच घ्या. शंका आली तर एक धागा सांडशीत धरून जाळून पाहा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. तो दोरा फडक्याला नको.

सुईवर चाळीस टाके घाला. मग प्रत्येक ओळ सुलट विणा. डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उजवी सुई समोरून मागे घाला. मागे धरलेल्या दोऱ्याचा तिला एक वेढा द्या. तो वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. ओळ संपली की सुयांची हातपालट करा. बस, एवढेच. उलट टाका अजून शिकायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी सारखे उंचवटे दिसतात आणि कडा गुंडाळत नाहीत. सुमारे ऐंशी ओळी झाल्या की फडके चौकोनी होते. कोपऱ्याला कोपरा जुळवून तिरपी घडी घालून पाहा, म्हणजे कळेल. मग दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून उतरवा. पुढे एकेक टाका विणत आणि मागचा त्यावरून उतरवत टाके बंद करा.

ऐकायला सोपे वाटते. माझे पहिले फडके मात्र खाली अरुंद आणि वर सुपासारखे रुंद झाले! मोजले तर चाळिसाचे त्रेपन्न टाके. ओळ सुरू करताना मी दोरा सुईवरून मागे ओढत होते, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन दिसत आणि मी दोन्ही विणत होते. दोरा सुईखालून मागे न्यायचा, ही एवढीच गोष्ट. आणि दर ओळीला टाके मोजायचे.

मी रडकुंडीला आले. चार दुपारची मेहनत! सासूबाईंनी शांतपणे सुई काढून घेतली, दोरा ओढला आणि सगळे उसवले. गुंडा पुन्हा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पेरणी चुकली तर बियाणे परत मिळत नाही. पाऊस दगा देतो. पण हे सूत बघ, सगळेच्या सगळे हातात आहे. घाल टाके."

त्या बोलण्याने मला धीर आला. आपल्या संसारात चुकलेले पुन्हा पहिल्यापासून करायची मुभा फार थोड्या ठिकाणी मिळते. इथे ती मिळते, आणि तीही फुकट.

एक सूचना मात्र पाळा. तापलेले भांडे ओल्या फडक्याने धरू नका, ओल्यातून आच लगेच हाताला पोचते. फडके कोरडे असू द्या, दुहेरी घडी घाला, आणि लोंबते टोक जाळाजवळ नेऊ नका.

सासूबाई आता नाहीत. माझी सून गॅसवर स्वयंपाक करते, पण तिच्या ओट्याशेजारी खिळ्याला सुती फडकेच टांगलेले असते. तिने स्वतः विणलेले. पहिले तिचेही वाकडेच झाले होते. मी काही बोलले नाही. नुसता दोरा ओढून दाखवला.