अरफात ते मुजदलिफा, 9 किलोमीटर

नाशिकचा माणूस मुंबईला जाताना कसारा घाटात दोन तास अडकला तरी फारसं बोलत नाही. एसटीच्या लाल डब्यात उभ्याने सिन्नर गाठलेली आपण माणसं. त्यामुळे हजच्या शिबिरात "अरफात ते मुजदलिफा, सुमारे 9 किलोमीटर, बसने" एवढं ऐकून सगळे पुढच्या मुद्द्याकडे वळले. खरं तर त्या एका ओळीवर अर्धा दिवस बोलायला हवं होतं.

2023 च्या हजला 18 लाखांहून अधिक हाजी होते. 9 जिलहजला, म्हणजे 27 जूनला, ते सगळे अरफातच्या मैदानात होते. सूर्य मावळेपर्यंत मैदान सोडायचं नाही आणि मगरिबची नमाज तिथे न पढता मुजदलिफात पोहोचून इशासोबत पढायची. म्हणजे साऱ्यांची निघण्याची वेळ एकच. कुंभमेळ्याच्या पर्वणीला पंचवटीचे रस्ते पाहिलेल्यालाही याचा अंदाज यायचा नाही. तिथे गर्दी दिवसभर येते-जाते, इथे ती एकाच वेळी उठते. 2010 पासून मशाइर मेट्रो आहे, पण ज्यांच्या वाट्याला तिचा पास येत नाही त्यांना बसच.

आमची बस आठच्या सुमारास हलली आणि थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. मधल्या वाटेतही माणसं उभी होती. इंजिन तापू नये म्हणून ड्रायव्हर मधूनमधून एसी बंद करायचा. पायी जाणारे हाजी तलबिया म्हणत आम्हाला मागे टाकत होते. उतरून चालावंसं वाटत होतं, पण अम्मी 71 वर्षांची, तिचे गुडघे साथ देत नाहीत.

तिने दुपारपासून पाणी प्यायलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "बसमध्ये लघवीला कुठे जाऊ मी?" बसमधल्या बहुतेक बायकांनी हाच हिशेब केला होता. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात असा हिशेब जिवावर बेतू शकतो. पण शिबिरात शिकवणारे पुरुष आणि प्रश्न विचारणारेही पुरुषच, त्यामुळे हा विषय निघालाच नव्हता.

दहानंतर खिडकीवरून दोघांची जुंपली. हजच्या काळात भांडणाला कुरआनात, सूरह बकरामध्ये, मनाई आहे. अरफातवर हात पसरून उभं असताना कुणाला भांडण सुचतं? ती मनाई बहुधा अशाच प्रवासासाठी असावी. मालेगावच्या एका चाचांनी त्या दोघांना बुखारीतली हदीस आठवण करून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) याच वाटेने निघाले असताना मागून उंट जोरात हाकल्याचा गलका ऐकू आला. त्यांनी लोकांना शांतपणे चालायला सांगितलं, धावपळीत नेकी नाही असं समजावलं. एवढं सांगून चाचांनी स्वतःची जागा दिली आणि ते उभे राहिले. भांडण तिथेच मिटलं.

बायकांचा प्रश्न मात्र आमच्यातल्याच एका सुनेने सोडवला. ती सासूसोबत आली होती. रस्त्याकडेला स्वच्छतागृहं दिसताच ती पुढे गेली आणि खाणाखुणा करून तिने ड्रायव्हरला दार उघडायला लावलं. चार-चार जणी हात धरून उतरल्या. परत आल्या तेव्हा बस पन्नास पावलंही पुढे गेली नव्हती! त्यानंतर पाण्याच्या बाटल्या उघडल्या गेल्या.

घरातले बुजुर्ग पुढच्या वर्षी जाणार असतील तर त्यांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं आणि बिनसुगंधी ओले रुमाल ठेवा, कारण एहराममध्ये सुगंध चालत नाही. आईला, सासूला पाण्याबद्दल स्पष्ट विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.

रात्री एक वाजता मुजदलिफात उतरलो. उघड्या आकाशाखाली चटई टाकून मगरिब आणि इशा पढलो. अम्मीने उरलेली बाटली एका दमात संपवली, आणि बसल्या जागीच हात फिरवून जमरातसाठी हरभऱ्याएवढे खडे वेचू लागली.