भोपाळच्या चढावर

बेळगावहून भोपाळला गाडीने जायचं ठरलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी (माहेर धारवाड) एवढंच विचारलं, "मामंजी चालवणार म्हणतायत?" बाबांचं वय ७८. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तीही आता तेरा वर्षांची झालीय. भोपाळला माझी आत्या असते. तिच्या दारात एकदा स्वतः गाडी चालवत जायचं, हा त्यांचा हट्ट. अकराशे किलोमीटरच्या वर अंतर. घाट मी चालवायचे, सपाटीला ते, असा तह झाला.

सेंधव्याअलीकडच्या बिजासन घाटात गाडीने पहिली सूचना दिली. गिअर बदलताना क्षणभर विचार करायची आणि मग झटका द्यायची. "एनातु?" मागून प्रश्न. "थंडी आहे, होतं असं," बाबा म्हणाले. इंजिन तापून लाल व्हायची वेळ आली होती, पण आम्ही थंडीवर विश्वास ठेवला.

इंदूर सोडल्यावर देवास लागतं. बेळगावच्या माणसाने तिथून नुसतं पुढे जाऊ नये. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये इथे आले आणि इथलेच झाले. बाबांनी टेकडीकडे बघून हात जोडले. त्यांनी देवीला जोडले की कुमारांना, मी विचारलं नाही.

भोपाळ तळ्यांचं गाव. अकराव्या शतकात भोजराजाने कोलांस नदी अडवून मोठा तलाव केला, तो अजून गावाला पाणी पाजतो. बाजीरावांनी १७३७ मध्ये निजामाला कोंडलं ते इथेच, हे बाबांनी आत्याच्या नातवंडांना दोनदा सांगितलं. सकाळी पोहे-जिलबी, आणि जुन्या गावात मीठ घातलेला सुलेमानी चहा. मीठ म्हटल्यावर आम्ही नाकं मुरडली, पण दुसरा कप मागितला.

तिसऱ्या दिवशी भारत भवन बघायला निघालो. चार्ल्स कोरिया यांनी ते श्यामला टेकडीच्या उतारावर, तळ्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाईल असं बांधलंय. १९८२ मध्ये ते उघडलं, आणि तिथल्या रंगमंडळाची धुरा सुरुवातीला कन्नड रंगभूमीचे बी. व्ही. कारंत यांच्याकडे होती. त्यांनी तिथे बुंदेली बोलीतही नाटक केलं. आमच्या घरात मराठी-कन्नडचा वाद भाकरी-रोट्टीच्या पुढे जात नाही, तरी सौ.नी ही गोष्ट जरा जास्तच अभिमानाने सांगितली.

बाबा चालवत होते. टेकडीच्या चढावर इंजिन जोरात ओरडलं, गाडी मात्र हलेना. पाय आणखी दाबला, आवाज आणखी वाढला, आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली. मागे रिक्षा, रिक्षात शाळेची मुलं. "ब्रेक, बाबा!" हँडब्रेक मी ओढला. गाडी थांबली. बाबांचे हात स्टिअरिंगवरून सुटेचनात.

टोचन लावून ओढायला लोक धावले. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढली तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्सला तेल मिळत नाही आणि उरलंसुरलंही जातं, एवढं मला ठाऊक होतं. सपाट ट्रक मागवला.

जुन्या भोपाळातल्या मेस्त्रीने आधी तेलाची कांडी काढून वास घेतला आणि ती माझ्या नाकासमोर धरली. करपलेल्या फोडणीचा वास. "खां, ये तेल बदला कब था?" कधीच नाही. गावाकडे एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की हे तेल गाडीच्या जन्माला पुरतं. नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लाल असतं. आमचं काळं पडलेलं.

त्याने सोपं करून सांगितलं. अशा गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलात समोरासमोर फिरणारे दोन पंखे. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. आतल्या क्लचच्या चकत्याही तेलाच्याच दाबाने आवळल्या जातात. तेल जुनं झालं, तापून पातळ झालं, की दाब पडत नाही. चकत्या घसरतात, घासतात, आणि त्यांचाच चुरा तेलात मिसळतो. मशिनने सगळं धुवून काढायला त्याने नकार दिला. इतक्या झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये तो चुरा हलून बारीक वाटांत अडकू शकतो म्हणे. त्याने नुसतं खालून तेल सोडून नवं भरलं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंच आत पंख्यांत राहतं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा. गाडी सपाटीला चालू लागली, रिव्हर्सला मात्र तीन आकडे मोजावे लागत. "घाट मत चढ़ाना," तो म्हणाला. चकत्या बदलायच्या तर गिअरबॉक्स उतरवायचा, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर जात होता.

रात्री बाबा गच्चीवर एकटेच बसले होते. आत्या वर गेली. "दादा, माझ्या दारात आलास ना गाडी घेऊन? मग?" बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलं होती गं रिक्षात." सकाळी त्यांनी किल्ली आत्याच्या नातवाच्या हातात ठेवली. त्याचं कॉलेज सपाटीवर आहे.

परतीला गोवा एक्सप्रेस. भोपाळला बसलं की थेट बेळगाव. इटारसी गेल्यावर बाबांनी विचारलं, "वेळेवर तेल बदललं असतं तर किती लागले असते रे?"

मी आकडा सांगितला. ते खंडव्यापर्यंत गप्प होते.