अळ्यांच्या वाट्याचं लिंबू



परवा शेजारच्या वहिनी आमच्या गॅलरीत आल्या आणि लिंबाच्या कुंडीकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे मेलंय का?" मेलेलं नाही. खाल्लंय. दोन फांद्यांवर नुसते काटे उरलेत. श्रावणात आमच्याकडे दरवर्षी हेच होतं.

चार वर्षांपूर्वी होत नव्हतं, कारण मी फवारा मारत होते. माळ्यानं बाटली आणून दिली होती, मीही फारसा विचार केला नाही. दशलक्षण पर्व चालू होतं. सुगंध दशमीला, म्हणजे उत्तम संयमाच्या दिवशी, मंदिरातून प्रवचन ऐकून घरी आले. एकाशन होतं. हात धुवायला गॅलरीत गेले, तर लादीवर नऊ अळ्या वळून पडलेल्या. दोन अजून हलत होत्या. आदल्या संध्याकाळी फवारणी मीच केली होती.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण गृहस्थ, चूल पेटवतो, केर काढतो, त्यातली आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण ही तशी नव्हती. जीव आहे हे दिसत असताना, तो मरावा म्हणूनच बाटली दाबली होती. हिला संकल्पी म्हणायचं नाही तर कशाला?

मन मानेना म्हणून मी पळवाट शोधली. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चढण आहे: कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार. मग अळी कुठे बसते? आज सरपटणारी, पंधरा दिवसांनी उडणारी. सासूबाईंना विचारलं. त्या शहाऐंशीच्या, सांगलीकडच्या, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "इंद्रियं मोजून मग मारायचं की नाही ते ठरवणार आहेस होय?"

बाटली त्या दिवशी बंद झाली. पण लिंबू तर हवंच होतं.

नंतर एका रविवारी नातवाला घेऊन घोडबंदर रोडवरच्या ओवळ्याला, ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात गेलो. तिथे डोक्यात प्रकाश पडला. फुलपाखरू फुलाला येतं मधासाठी, पण अंडी घालतं ते पिल्लांच्या खाण्याच्या झाडावर. आमच्या अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या होत्या. लहानपणी ही अळी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून मी ती पुसून टाकत असे! मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढून उग्र वास सोडते. तिला लिंबू चालतं, तसा कढीपत्ताही चालतो.

मग मी बी.कॉम. बाईसारखा हिशोब मांडला. सरबताच्या लिंबांच्या बिया फेकायच्या नाहीत, लहान कुंड्यांत पेरायच्या. त्या रोपांना फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, पण पानं भरपूर येतात. हे अळ्यांचं खातं. कलमाचं मोठं झाड आमचं. त्यावर अळी दिसली की हात न लावता, ती बसलेलं पान कात्रीनं कापायचं आणि पानासकट रोपावर ठेवायचं. एखादी नजरेतून सुटते, आणि मग झाडाची परवाच्यासारखी अवस्था होते. पण पावसाळा संपला की पालवी पुन्हा फुटते. गेल्या वर्षी तेवीस लिंबं मिळाली. बाकीची बाजारातून आणली, त्याचं काय एवढं!

आमच्या मागे येऊरचा डोंगर, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही. एकदा भलंमोठं काळं-निळं ब्ल्यू मॉर्मन येऊन गेलं. २०१५ पासून ते आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. सासूबाई त्याला उठून बघायला गेल्या, गुडघे दुखत असतानासुद्धा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. रोपवाटिकेतून तयार माती आणाल तेव्हा त्यात बोनमील आहे का, ते विचारा. म्हणजे हाडांचा चुरा. कुणी आपणहून सांगत नाही. मी लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते, त्यावर लिंबू आणि मोगरा दोन्ही छान येतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डासांची अळी झाल्यावर मारावी लागण्यापेक्षा ती होऊच न देणं आपल्या हातात आहे.

सगळं जमलंय असं मात्र नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांपुढे मी हरले. पाण्याच्या धारेनं धुतलं, शेंडे कापले, तरी मुंग्यांबरोबर ते परत येतच राहिले, आणि धुऊन काढलेले तरी कुठे वाचत होते? शेवटी झाड वाळलं. त्या कुंडीत पुन्हा जास्वंद लावली नाही, अनंत लावला. लाल जास्वंदीची आठवण येते. माहेरी सांगलीला पूजेत फुलं असायची. इथल्या मंदिरात आम्ही बहुतेक जणी फुलांऐवजी केशरी तांदूळ वाहतो, त्यामुळे अनंत आणि मोगरा झाडावरच राहतात, संध्याकाळी गॅलरीत वास भरून असतो.

लिंबाची चार रोपं या वर्षी जास्तीची झाली आहेत, वीतभर उंच. मानपाड्यातल्या कुणाला हवी असतील तर रविवारी मंदिरात पिशवी घेऊन या. एकावर दोन अंडी आहेत, ते आधीच सांगून ठेवते.