सहवासाचे संवर्धन

मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे संवर्धन ज्याने अंगीकारले, त्याचा मोठा वेळ हवेच्या बंदोबस्तातच खर्ची पडतो. कारण ज्याला आपण प्राणवायू म्हणतो, तोच या जीवांना घातक. पोषक द्रव उकळावा, उकळी शमते न शमते तोच नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या संथ झोताखाली तो निववावा, जाड रबरी बूच दाबून बसवावे, सुईने सोडियम सल्फाइड सोडावे आणि बाटलीकडे पाहत राहावे: द्रवात घातलेल्या रेझाझुरिन या दर्शक रंगाची गुलाबी छटा विरत विरत लोपली म्हणजे द्रव सिद्ध झाला, ती पुन्हा किंचितही उमटली, तर हवा शिरली असे समजून बाटली बाद करावी. ही रीत मूळची रॉबर्ट हंगेट यांची, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जीवांच्या अभ्यासातून घडलेली.

या शिस्तीने जीव एकटा पाडता येतो. त्याचा स्वभाव मात्र तेवढ्याने उलगडत नाही. ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ या नावाने जतन केलेला, मद्यार्कापासून मिथेन करणारा म्हणून दप्तरी दाखल असलेला जीव वस्तुतः दोन जीवांची जोडी आहे, हे ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सिद्ध केले. पहिला मद्यार्काचे अ‍ॅसिटेट करून हायड्रोजन सोडतो, परंतु तो साचला की त्याचेच काम खुंटते. दुसरा, ज्याला मद्यार्क मुळीच पचत नाही, तो हायड्रोजन उचलून त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवितो, मिथेन करतो आणि पहिल्याची वाट मोकळी ठेवतो. या शोधाचे मोल मला फार वाटते. उष्णतेला वा आम्लतेला एखादा जीव कसा प्रतिसाद देतो हे टिपताना त्याच्या शेजाऱ्याची नोंद नसेल, तर ती कैफियत एकतर्फी राहते.

गोबरगॅसची टाकी बिघडते तीही याच नात्यातून. शेण-खरकट्याचा भरणा एकाएकी वाढला की आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने फोफावतात, मिथेनकारी जीव मात्र आपल्या संथ गतीनेच वाढतात, सामू ६.५ च्या खाली उतरला की तेही मंदावतात, आणि मग आम्लाचा फडशा पाडणारे कोणी उरत नाही. ३५ अंशांच्या आसपास सुखाने नांदणारे हे जीव थंडीत आधीच सुस्तावलेले असतात, म्हणून हा प्रसंग हिवाळ्यात विशेष ओढवतो. अशा वेळी वायू कमी पडतो म्हणून आणखी शेण लोटण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, काही दिवस भरणा थांबवावा, नीट चालणाऱ्या टाकीतील स्लरी आणून ओतावी, आणि सामू ७ कडे वळू लागल्यावरच थोडे थोडे शेण पुन्हा घालावे.