अधिक चिन्हावरचा बोजा

ओव्हरलोडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती सणासुदीची एस.टी. आजचा विषय मात्र ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा आहे. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्यांनी लगेच पळू नका. ही भानगड तुम्ही सगळे शाळेत शिकलेला आहात :)

विद्या + आलय = विद्यालय. सूर्य + उदय = सूर्योदय. आठवलं? मराठीच्या तासाला + चिन्ह संधी करायचं आणि गणिताच्या तासाला बेरीज. कुणाचा गोंधळ झाला नाही, कारण चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघून आपण अर्थ लावत होतो. गणितात बाजू उलटवल्या तरी उत्तर तेच, संधीत मात्र 'आलय + विद्या' म्हणजे काहीच नाही. हेही आपल्याला न सांगता कळत होतं.

आणखी एक उदाहरण. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता. १२ आणे ९ पै + ५ आणे ६ पै किती? १ रुपया २ आणे ३ पै. हातचा पैंमध्ये बाराला, आण्यांत सोळाला. बेरजेची रीत निराळी, पण खतावणी लिहिणाऱ्या मुनीमजींनी त्यासाठी नवं चिन्ह काढलं नाही. 'बेरीज कशी करायची' हे चिन्हाला नाही, आणे-पैंना माहीत. ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणजे नेमकं हेच: आपण बनवलेल्या क्लासला + किंवा - चा अर्थ शिकवायचा.

स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसमध्ये ही सोय दिली, पण लगाम ठेवून. नवं चिन्ह काढता येत नाही. एक तरी बाजू तुमच्या स्वतःच्या टाइपची हवी, म्हणजे २ + ३ चे ६ करायची सोय नाही. आणि चिन्हांची अग्रता बदलता येत नाही, गुणाकार बेरजेच्या आधीच होणार. हा शेवटचा नियम वाटतो तेवढा किरकोळ नाही.

जावात गॉसलिंगसाहेबांनी ही सोय मुद्दामच ठेवली नाही. सी प्लस प्लसमध्ये तिचा झालेला गैरवापर त्यांनी पाहिला होता. (अक्षरं जोडायला + मात्र जावात भाषेनेच दिलाय. म्हणजे स्वतःच्या घरी चालतं!) त्यामुळे जावात पैशांचा चोख हिशोब करायचा तर बिगडेसिमल घ्यायचं आणि ॲड, सबट्रॅक्ट, मल्टिप्लाय असं हाका मारत जायचं.

याचा परिणाम काय होऊ शकतो ते मी एकदा जवळून पाहिलं. कर्जवसुलीची एक जुनी प्रणाली आमच्या टीमकडे देखभालीसाठी आली. एक निवृत्त गृहस्थ दर दोन-तीन महिन्यांनी तक्रार करायचे, सोबत फुलस्केपवर हाताने मांडलेला हिशोब. उत्तर ठरलेलं: 'संगणकाने काढलेली रक्कम बरोबर आहे.' नियम साधा होता. नोटिशीचा खर्च २५ रुपये, अधिक रोजचा दंड १० रुपये गुणिले उशिराचे दिवस. कोडमध्ये होतं:

खर्च.ॲड(दंड).मल्टिप्लाय(दिवस)

हाकांच्या साखळीला अग्रता वगैरे काही नसते, ती डावीकडून उजवीकडे सरळ चालत सुटते. तीन दिवस उशीर झाला तर व्हायला हवेत ५५ रुपये, पण आधी २५ आणि १० ची बेरीज, मग गुणिले ३, म्हणजे १०५. आणि चाचणी? ती एक दिवसाच्या उशिराची. दोन्ही रीतींनी उत्तर ३५ च. आजोबांचा कागद बरोबर होता. पन्नास रुपयांसाठी कोण भांडतो असं तिथे सगळ्यांना वाटत होतं, पण पेन्शनवर जगणाऱ्याला ते पन्नास मोजून माहीत असतात. खर्च + दंड * दिवस असं लिहिता आलं असतं तर शाळेतला नियम भाषेनेच पाळला असता, आणि न पाळला तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपलं असतं.

मग गॉसलिंगसाहेब चुकले का? तसंही नाही. आधीच्या एका नोकरीत सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टमध्ये एका उत्साही गड्याने && ओव्हरलोड केला होता. मूळ && ची खासियत अशी की डावी बाजू खोटी निघाली तर तो उजवीकडे बघतच नाही. ओव्हरलोड केलात की तो साधं फंक्शन होतो, दोन्ही बाजू तपासूनच आत शिरतो. डावीकडे 'पॉइंटर रिकामा नाही ना' आणि उजवीकडे त्याच पॉइंटरचा वापर. प्रोग्रॅम धाडकन कोसळायचा आणि ती ओळ बघणारा प्रत्येकजण म्हणायचा, ही तर बरोबर आहे! चिन्ह ओळखीचं, स्वभाव परका.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जो अर्थ वाचणारा शाळेतून किंवा व्यवहारातून घेऊन आलाय, तोच चिन्हाला द्यावा. पायथॉनच्या तारखा बघा. दोन तारखांची वजाबाकी करा, मधला काळ मिळतो. तारखेत दहा दिवस मिळवा, नवी तारीख मिळते. पण १५ ऑगस्ट + २६ जानेवारी करून बघा, एरर येते. बरोबरच आहे, त्या बेरजेला व्यवहारातही अर्थ नाही. कुठे अर्थ द्यायचा नाही हे कळणं, हीसुद्धा डिझाइनच.

जिथे असा अर्थ आधीपासून नाही, तिथे सरळ नाव असलेलं फंक्शन लिहावं. 'ग्राहक + खातं' हे लिहिणाऱ्याला चटपटीत वाटतं, पण 'खातं जोडा' हे दोन वर्षांनी येणाऱ्यालाही कळतं. कोड एकदा लिहिला जातो, वाचला मात्र वर्षानुवर्षं जातो. आणि त्याचं बिल शेवटी अशा माणसाच्या हातात पडतं, ज्याला कोड कधीच दिसणार नाही, फक्त रक्कम दिसते.

असो. चहा गार झाला.