अन्नावरची वासना

जेवायला नको म्हणणाऱ्या माणसाशीं वाद घालतां येतो. त्याला कारण विचारतां येतें, त्यानें खोटें कारण सांगितलें तर तें पकडतां येतें, आणि कांहींच साधलें नाहीं तर गळ्याची शपथ घालतां येते. आमच्या घरांत आग्रहाचीं हीं सारीं शस्त्रें नेहमीं परजलेलीं असतात. माझ्या आईच्या हातून उपाशी सुटलेला पाहुणा मीं तरी पाहिलेला नाहीं. पण २०२५ च्या कार्तिकांत तिची गांठ अशा एका पाहुण्याशीं पडली, कीं ज्याला शपथ कळत नव्हती. तो शेजारचा मोत्या.

मोत्या आमचा नव्हे, हें आधींच सांगितलेलें बरें. शिरूर कासारसारख्या गांवांत दसरादिवाळी सरली, कीं गल्लीगल्लींतून ट्रॅक्टर निघूं लागतात. बीड जिल्ह्यांतल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि नवराबायको मिळून जो एक 'कोयता' होतो, त्याला पांचसहा महिने फडांत राबावें लागतें. त्या वर्षीं सप्टेंबरांत सिंदफणेला पूर येऊन पिकें गेलीं होतीं. तेव्हां न जाऊन भागण्यासारखें नव्हतेंच. ट्रॉलींत सारा संसार चढतो: पेटी, गोधड्या, पिठाचा डबा, शेळी, तान्हें मूल. कुत्राहि पुष्कळदां चढतो, कारण धनी फडांत असतांना कोपी राखायला कुणी तरी लागतें. मोत्यानें असे सात हंगाम केले होते. या खेपेस तो नऊ वर्षांचा झालेला, आणि मागल्या पायानें किंचित् लंगडणारा, म्हणून शेजारीणबाईंनीं त्याची सांखळी माझ्या आईच्या हातांत दिली आणि म्हणाल्या, "माय, ही आमची ठेव. तुमच्या भाकरींतली एक याला."

पहिले पंधरा दिवस ठेव सुखरूप होती. नंतर एका सकाळीं मोत्यानें भाकरी हुंगली, आईच्या तोंडाकडे पाहिलें, शेंपटी दोनदां जमिनीवर आपटली आणि मान फिरवली. नकार देतांनाहि त्याच्यांत एक प्रकारचा विनय होता. पंक्तींत वाढप्यापुढें पानावर आडवा हात धरणाऱ्या सभ्य माणसाची मला आठवण झाली.

आईनें भाकरी दुधांत कुसकरली. नको. ताकभात झाला, वरणाची निवळ झाली. दुसऱ्या दिवशीं तर आमच्या घरांत क्रांतीच झाली. जें अंडें आजवर उंबरा ओलांडून आंत आलें नव्हतें, तें अंगणांतल्या तीन दगडांच्या चुलीवर उकडलें गेलें, आणि तेंहि आईच्या देखरेखीखालीं! मोत्यानें त्याचाहि वास घेतला व डोळे मिटले. नामदेवांची गोष्ट आईला लहानपणापासून पाठ. कुत्रें भाकरी पळवून नेतें, आणि तें कोरडीच खाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवतात. तिसऱ्या रात्रीं आमची आईहि तुपाची वाटी घेऊन अंगणांत उभी होती. पण पळायला कुत्राच तयार नव्हता.

गल्लीनें निदान केव्हांच करून टाकलें होतें. मोत्यानें मालकिणीच्या विरहानें अन्न सोडलें! या निदानाला मी एकदम हंसलों नाहीं, कारण त्यांत आपल्या साऱ्या संस्कारांचा वाटा आहे. आपल्याकडे अन्न सोडणें हा रोग नसून भाषण आहे. कैकेयी कोपभवनांत शिरते, कुणी प्रायोपवेशनाला बसतो, घरांतलें पोर रुसून पाट सोडून उठतें. प्रत्येक जण न खाऊन कांहीं तरी बोलत असतो. मग कुत्र्यालाच आपण निराळा न्याय कसा लावणार? रायगडावर वाघ्याचें स्मारक आहे. तें १९३६ सालचें, आणि धन्याच्या चितेंत त्यानें उडी घेतल्याची कथा समकालीन साधनांत आढळत नाहीं असें इतिहासाचे अभ्यासक सांगतात. तरी ती कथा लोकांच्या मनांतून जात नाहीं. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्याची समाधि संगम माहुलीस आहे. वाघापासून धन्याला त्यानें वांचविलें अशी आख्यायिका आहे, आणि मला स्वतःला हा खंड्या अधिक जवळचा वाटतो. कारण त्याच्या वांट्याला मरण्याचें नव्हे, तर राखण्याचें काम आलें.

आणि निष्ठेचा उपासाशीं संबंध असतोच असेंहि नाहीं. जपानांतला हाचिको प्रसिद्ध आहे. त्याचा धनी १९२५ सालीं वारला, आणि हा कुत्रा १९३५ सालीं आपण मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षें, टोकियोच्या शिबुया स्टेशनावर त्याची वाट पाहत राहिला. पण येणारे जाणारे लोक जें देत तें तो खात असे. न खातां दहा वर्षें वाट पाहतां येत नाहीं, हें त्याला आपल्यापेक्षां चांगलें कळलें असावें. आपल्या धर्मराजाबरोबर हिमालय चढणाऱ्या कुत्र्यानें वाटेंत काय खाल्लें हें व्यासांनीं लिहिलें नाहीं. आईच्या मतें महाभारतांतली ही एक मोठीच उणीव आहे.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं सांगलीकडच्या एका फडावरून शेजारीणबाईंचा फोन आला.

"गुरुजी, मोत्या खातो का?"

मीं खरें तें सांगितलें. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "फोन त्याच्या कानाला लावा." मीं लावला. त्या काय बोलल्या तें मला ऐकूं आलें नाहीं; पण मोत्याचे कान उभे राहिले, तो कष्टानें उठला, अंगण ओलांडून त्यांच्या बंद दारापर्यंत गेला, कुलपाखालचा उंबरा हुंगला, आणि परत येऊन होता तेथेंच पडला. भोंवतीं जमलेल्या बायकांनीं एकमेकींकडे अर्थपूर्ण नजरेनें पाहिलें. याहून मोठा पुरावा कसला हवा?

"गुरुजी," फोनमधून आवाज आला, "मी येऊ का परत? तुम्ही सांगाल तसं करते."

इतका वेळ जो प्रश्न एका कुत्र्याच्या भाकरीचा होता, तो या एका वाक्यानें पालटला. नवराबायकोंतलें एक माणूस निघून आलें, तर कोयता मोडतो. एकट्या माणसाची तोड टोळींत कुणाला नको असते. हंगाम नुकता सुरू झालेला, उचल अंगावर तशीच, आणि मुकादमाशीं कबूल केलेलें काम अर्धवट. म्हणजे मोत्याला विरह झाला असेल, तर औषध होतें, पण त्याची किंमत एका कुटुंबाचें वर्ष. आणि त्याला दुखणें असेल, तर तिनें येऊन कांहींच होणार नव्हतें. गल्लीनें काव्य म्हणून केलेलें निदान आतां व्यवहारांत उतरूं पाहत होतें. मीं म्हटलें, "उद्यां दुपारपर्यंत थांबा. डॉक्टरांना दाखवतों, मग सांगतों."

सकाळीं मोत्याला पोत्यावर निजवून रिक्षांतून दवाखान्यांत नेलें. तेथें आमच्यापुढें एक म्हैस आणि तीन शेळ्या होत्या. खेड्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांत कुत्रा हा अजून थोडासा परकाच असतो. गाय आजारी पडली, तर घराचें दूध आटतें. कुत्रा आजारी पडला, तर काय आटतें, याचा हिशेब सांगतां येत नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें आणि परभणीचें १९७२ सालीं. तरी मराठवाड्यांतल्या माणसाला कुत्र्याच्या औषधावर पैसे खर्च करतांना अजून चारचौघांपुढें संकोच वाटतो. उलट आमच्याच तालुक्यांतल्या तागडगांवीं एक दांपत्य सर्पराज्ञी या नांवाचें केंद्र काढून जखमी वन्य प्राण्यांची शुश्रूषा करतें. तेथल्या हरणाला माणसाचा लळा लागूं नये, म्हणून जपावें लागत असेल. आमची अडचण नेमकी उलट होती. येथें लळा इतका दाट, कीं त्याच्या आड दुखणें दिसेना!

डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलत. त्यांनीं मोत्याचा ओठ वर करून हिरडी दाबून पाहिली. ती चुन्यासारखी पांढुरकी होती. निरोगी कुत्र्याचें अंग १०१ ते १०२.५ अंशांच्या आसपास असतें. मोत्याचा ताप १०४ वर होता. मग त्यांनीं कानाची पाळी उलटली, पायाचीं बोटें फांकलीं, आणि आंत दडलेल्या तपकिरी गोचिडी एकेक करून आम्हांला दाखविल्या. पोटाच्या कातडीवर मोहरीएवढे लाल ठिपके होते. गल्लीचें निदान मीं त्यांच्या कानावर घातलें. "विरहानं हिरड्या पांढऱ्या होत नाहीत, गुरुजी," ते म्हणाले, आणि रक्त काढून घेऊन तें तपासायला बीडला धाडण्याची तजवीज केली. औषध मात्र त्यांनीं तेव्हांच सुरू केलें.

गोचीड ताप हें दुखणें शास्त्राला तसें अलीकडचें. त्याचे जंतु १९३५ सालीं अल्जीरियांत प्रथम ओळखले गेले. गोचिडीच्या चाव्यावाटे ते रक्तांत शिरतात, पांढऱ्या पेशींत घर करतात. रक्त गोठविणाऱ्या कणिका घटतात, ताप चढतो, अन्नावरची वासना जाते. १९६० नंतरच्या दशकांत व्हिएतनामच्या युद्धावर गेलेले अमेरिकन सैन्याचे कुत्रे मोठ्या संख्येनें मेले, ते याच दुखण्यानें. शत्रूच्या गोळीपेक्षां गोचीड भारी ठरली! आणि तरीहि वेळींच कळलें तर यावर साधी, स्वस्त गोळी आहे. ती सुमारें २८ दिवस न चुकतां द्यावी लागते.

दुपारीं मीं फोन केला. "येऊं नका, दुखणें आहे, औषध चालू आहे," असें सांगितलें. त्यांना हायसें वाटलें कीं थोडें वाईट वाटलें, हें आवाजावरून ठरवितां येईना. आपल्यासाठीं कुणी अन्न सोडलें आहे, ही कल्पना दुःखाची असली तरी तींत एक ऊब असते. ती मीं एका वाक्यानें काढून घेतली होती.

खरी कसोटी लागली ती आईची. डॉक्टरांनीं तिला सक्त बजावलें होतें, कीं आग्रह करावयाचा नाहीं. दिवसांतून तीनचार वेळां कोमट, पातळ, बिनमिठाचें, कांदालसूण नसलेलें थोडेंसें अन्न पुढें ठेवावयाचें. कोमट अशासाठीं, कीं वास चांगला सुटतो आणि कुत्रा आधीं नाकानें जेवतो. दहा मिनिटें थांबून, न खाल्लें तर उचलून न्यावयाचें. तोंड फांकून घास कोंबला, तर तो श्वासनलिकेंत जाण्याचें भय. माणसाच्या तापाची गोळी तर हातांतहि धरावयाची नाहीं. ती कुत्र्याला विष. पाण्याला मात्र खळ नाहीं. गालाच्या बाजूनें, सुई काढलेल्या पिचकारीनें, चमचा चमचा. सलाईन दवाखान्यांत मिळत होतेंच.

"आणि तो उपाशी राहिला तर?" आईनें विचारलें.

डॉक्टरांनीं तिला जें सांगितलें, तें मला नवीन होतें. तापांत भूक मरते, ती निव्वळ बिघाड म्हणून नव्हे. शरीर स्वतःच ती कांहीं काळ मालवून ठेवतें. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यानें १९८८ सालीं हा विचार मांडला: आजारी जनावर निपचित पडतें, अंग चोरतें, खात नाहीं, ती त्याची रोगाशीं लढण्याची रीत आहे. अर्थात् ही रीत एकदोन दिवसांची. आठवडाभर ती चालूं दिली, तर लढणाराच संपतो. म्हणून औषध, म्हणून सलाईन. पण मळमळत असतांना पुन्हापुन्हां तेंच अन्न नाकाशीं धरलें, तर कुत्रा त्या अन्नालाच वैरी मानूं लागतो, आणि बरा झाल्यावरहि तें शिवत नाहीं.

हें ऐकून आई गप्प झाली. आदल्या दिवसापासून तिचें लुगडें दिसलें, कीं मोत्या तोंड भिंतीकडे करीत होता. तें तिनें पाहिलें होतें, पण कुणाला बोलून दाखविलें नव्हतें. जिचें सारें प्रेम आयुष्यभर वाढण्याच्या पळीवाटे वाहिलें, तिला पाहून एका मुक्या जनावरानें तोंड फिरवावें! त्या दिवसापासून वाटी आणि गोळी मी घेऊन जाऊं लागलों, आणि आई रिकाम्या हातांनीं त्याच्याजवळ बसूं लागली. सत्तर वर्षांत ती रिकाम्या हातांनीं कुणाजवळ बसल्याचें मला आठवत नाहीं. प्रथम प्रथम तिला हात कोठें ठेवावे तेंच कळेना. मग ती त्याच्या कानांतल्या उरल्यासुरल्या गोचिडी चिमट्यानें काढून रॉकेलच्या वाटींत टाकूं लागली. तेवढें काम तिला पुरलें. दोन दिवसांनीं मोत्यानें भिंतीकडचें तोंड वळवून तिच्या मांडीवर ठेवलें.

औषधाच्या चौथ्या दिवशीं ताप उतरला. कोमट वरणाला त्यानें जीभ लावली, तीहि उपकार केल्यासारखी. आणि त्याच संध्याकाळीं, आम्ही सारे त्याच्या वाटीपुढें बसलेले असतांना, हे महाशय उठले, लडखडत गाईच्या टोपल्याशीं गेले, आणि तिच्यासाठीं ठेवलेला शिळ्या भाकरीचा, दगडासारखा कडक तुकडा तोंडांत घेऊन कुडूमकुडूम फोडूं लागले. वरण नको, अंडें नको, तूप नको. चोरीचा, कोरडा तुकडा! आई उठूं लागली होती. मीं खुणेनें तिला बसविलें. गाय मान वळवून मोठ्या नवलानें पाहत होती.

बीडहून रक्ताचा निकाल आला, तो डॉक्टरांच्या तर्काप्रमाणेंच होता. २८ गोळ्यांपैकीं तेव्हां पांच संपल्या होत्या. त्या दिवशीं मीं पुन्हां फोन लावला. शेजारीणबाई नुकत्याच फडावरून कोपीवर आल्या होत्या. मागें मोळ्या भरणाऱ्यांचा गलका ऐकूं येत होता. मोत्यानें भाकरी खाल्ली म्हणतांच त्या हंसल्या कीं रडल्या, कळलें नाहीं. मग आवाज नीट करून म्हणाल्या, "गोळ्यांचे, सलाईनचे पैसे लिहून ठेवा, गुरुजी. आल्यावर देते. ऐकायचं नाही मी काही."

मी कांहीं बोलणार, तोंच आईनें फोन माझ्या हातून घेतला आणि विचारलें, "ते राहू दे. तू जेवलीस का गं?"

पलीकडून काय उत्तर आलें तें समजलें नाहीं. रेंज गेली होती.