भाड्याची पांढरी पिकअप

केदारखेड्यातली भाड्याची पांढरी पिकअप अंगानं रांगडी, स्वभावानं सरळ. तिला जसं वागवाल तसं ती ॲव्हरेज देते. राग धरत नाही, पण केलेली हयगयही पोटात घालत नाही.

मोसंबीचे क्रेट, मिरचीची पोती घेऊन ती राजूरमार्गे जालन्याला निघते. लोड किती झाला, हे मागचे पाटे बसले की लांबूनही कळतं. टायरची हवा पाहायला मात्र खाली वाकावं लागतं. हवा कमी असली की रबर प्रत्येक फेऱ्याला चेपतं, तापतं. आणि ही उष्णता डिझेलच्याच पैशांची असते. म्हणून निघण्याआधी, टायर थंड असताना आणि लोड बघून हवा भरावी.

तिच्या इंजिनात स्पार्क प्लग नाही. आत ओढलेली हवा दाबून इतकी तापते, की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, तो अशाच इंजिनासाठी. तेव्हा हिचा श्वास मोकळा हवा. उन्हाळ्यात शेतरस्त्यांची बारीक धूळ एअर फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते. हवा अपुरी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सर काळा धूर ओकू लागतो.

घाई तिला मानवत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. वर सैल ताडपत्री फडफडत असेल तर त्यात आणखी भर. ताडपत्री आवळून बांधली, क्लचवर पाय ठेवून चालवणं सोडलं, गतिरोधक लांबून हेरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की तीच गाडी कमी डिझेलमध्ये जालना गाठते. अंगारकीला राजूरच्या गणपतीपाशी गर्दीत खोळंबली, तर इंजिन सरळ बंद करावं.

तिचं खरं मोल ठरतं परतीच्या वाटेवर. रिकामी फिरली तरी स्वतःचं वजन ओढायला तिला डिझेल लागतंच. जालना तर बियाण्यांची पेठ. येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांची खताची, बियाण्याची पोती आणली, की गावातल्या कुणाची तरी एक फेरी वाचते. म्हणून लिटरमागे किती किलोमीटर पडले, एवढ्यावर हिशेब थांबवू नये. लिटरमागे गावाचा किती माल हलला, तेही मोजावं. मोसंबीचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. वाहतुकीचा खर्च थोडाफार तरी असतो, आणि तेवढा त्यानं सोडू नये.